वर्गातला गोंगाट आणि श्रुतलेखनाच्या वह्या

रेघोटी | बुधवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं ते आज लिहून काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पाचवीला मराठी शिकवते. आमची शाळा जुनी, हायवे नंतर आला. आधी दोन पदरी होता, आता सहा पदरी झालाय आणि वर उड्डाणपूल. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला, म्हणजे पुलाच्या जवळजवळ समोरच. 'ब' तुकडी मागच्या बाजूला, मैदानाकडे. मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळे एक तुकडी हुशार आणि दुसरी कच्ची असला प्रकार नाही. तरी तीन वर्षं माझ्या वर्गाचं श्रुतलेखन 'ब'पेक्षा कमीच येतंय. पहिल्या वर्षी मी मुलांना बोल लावला, दुसऱ्या वर्षी स्वतःला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन्ही तुकड्यांच्या वह्या घरी आणल्या आणि चुका नुसत्या मोजण्याऐवजी वेगवेगळ्या लिहून काढल्या. ऱ्हस्व-दीर्घ दोन्हीकडे सारखंच चुकलेलं. पण माझ्या वर्गात चुकांची आणखी एक जात सापडली. 'थापी'चं 'तापी'. 'भारा'चं 'बारा'. 'पाणथळ'चं 'पानतळ'. 'खाचर' तर निम्म्या वर्गाने 'काचर' लिहिलेलं. एका मुलीने 'ओहोळ'चं 'ओहो' लिहून पुढे जागा सोडली होती. शब्दाचं शेपूट तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि बिचारीने प्रामाणिकपणे तेवढी जागा रिकामी ठेवली होती. त्या वहीपाशी मी बराच वेळ थांबले.

'त' आणि 'थ' यांत फरक काय, तर श्वासाचा एक फुंकर. स्वर दणकट असतात, ते शेवटच्या बाकापर्यंत जातात. हा फुंकर जात नाही. ट्रकची घरघर खालच्या पट्टीतली, आणि खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. उलट सहसा होत नाही. म्हणजे माझा आवाज मुलांना ऐकू येत होता, मी काय म्हणते ते येत नव्हतं.

मग एका शनिवारी मुलांना मागच्या ग्रंथालयाच्या खोलीत नेलं, सतरंजीवर बसवलं आणि तितकाच अवघड उतारा घातला. या जातीच्या चुका अर्ध्याहूनही कमी झाल्या. याला कोणी प्रयोग म्हणणार नाही, हे मला कळतं. पण वह्या मी डोळ्यांनी पाहिल्यात.

आता ज्यासाठी धागा काढला ते. माझ्या वर्गात घातलेल्या आधीच्या उताऱ्यात 'खिडकी' होता, तो कुणीच 'किडकी' लिहिला नाही. ऐकू तो तेवढाच अर्धवट आला असणार. पण खिडकी ओळखीची आहे, म्हणून मुलांनी गाळलेलं मनातून भरून काढलं. 'खाचर', 'पाणथळ', 'ओहोळ' हे शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकले होते. भरून काढायला आत काही नव्हतंच. म्हणजे हा आवाज जुन्याला हात लावत नाही, नवं तेवढं खातो. आणि शाळेत तर मूल नवंच शिकायला येतं! माझ्या वर्गात चार मुलं कानडी घरांतली आहेत, दोन हिंदी. त्यांना अजून अर्धीअधिक मराठीच नवी आहे. त्यांच्या वह्या सगळ्यांत लाल.

नंतर वाचायला लागले तेव्हा न्यूयॉर्कमधली एक शाळा सापडली. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला पी. एस. ९८ ही प्राथमिक शाळा. एका अंगाला खांबांवरून जाणारी लोकल. दर साडेचार मिनिटांनी गाडी, अर्धा मिनिट खडखडाट, आणि तेवढ्या वेळात वर्गात ८९ डेसिबल. बाईंनी थांबायचं, गाडी गेली की तुटलेलं वाक्य पुन्हा जोडायचं. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेला हे कळलं ते तिच्या एका विद्यार्थिनीकडून. त्या विद्यार्थिनीचं मूल त्या शाळेत होतं. ब्रॉन्झाफ्टनी रुळांकडच्या आणि पलीकडच्या शांत वर्गांचे वाचनाचे गुण शेजारी शेजारी ठेवले. १९७५ साली ते छापून आलं. रुळांकडची मुलं तीन-चार महिने मागे होती, आणि सहावीपर्यंत पोचेतो फरक जवळपास वर्षभराचा झालेला. इमारत एकच आणि अभ्यासक्रमही एकच.

पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. पालक उठले, रेल्वेने त्या पट्ट्यात रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, शिक्षण खात्याने वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या लाद्या लावल्या. १९८१ साली ब्रॉन्झाफ्टनी पुन्हा गुण पाहिले, तर दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीत. मुलं तशीच होती, बदलला तो आवाज.

तुमच्या शाळांत, घरांत काय अनुभव आहे? आणि खर्च न करता काही करता येतं का? सविस्तर लिहा, मला खरंच हवंय.

पत्र्याखालचा गुरुजी | बुधवार, रात्री १०.२५

बाई, ओहोळाची वही वाचून गलबललो.

माझी शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, वाडीवरची, दोन खोल्यांची. आमच्याकडे हायवे नाही, आमच्याकडे पाऊस आहे. पूर्वी नळ्याची कौलं होती. पाऊस कितीही कोसळो, आत नुसती सळसळ यायची. वाशांना वाळवी लागली म्हणून कौलं काढून पत्रे आले. दुरुस्तीला सोपे, वांदर फोडत नाहीत, सगळं मान्य. पण जून ते सप्टेंबर सर आली की वर्ग बंद. शेजारी बसलेल्या पोरालाही माझं बोलणं ऐकू जात नाही, तिथे चार ओळी मागे काय जाणार! नवीन वर्ष सुरू होतं जूनला, म्हणजे पहिलीच्या पोराला मुळाक्षरं शिकवायचे नेमके तेच दिवस. तुम्ही म्हणता ना, आवाज नवं खातो, आमच्याकडे तर नव्याचा हंगाम आणि आवाजाचा हंगाम एकच.

मी काय करतो ते सांगतो. सर आली की बोलणं बंद. फळ्यावर चित्र, पाटीवर अक्षर, किंवा चिंचोके मांडून बेरजा. उघडीप झाली की सगळे माझ्याभोवती जमिनीवर, आणि तेवढ्या पंधरा मिनिटांत तोंडी काम. पावसावर ओरडून शिकवण्याचा हट्ट पहिली दोन वर्षं केला. घसा गेला, आणि पोरांच्या हाती काही लागलं नाही.

तांबडी माती | गुरुवार, सकाळी ७.५०

धागा चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं. आमच्या घराखालीच पिठाची गिरणी होती. सकाळी आठला पट्टा सुरू व्हायचा तो संध्याकाळी सातपर्यंत. मी दहावी-बारावी त्याच आवाजात केली, पुढे इंजिनिअर झालो. माणसाला सवय होते. मुलांना अगदी निर्वात शांततेची गोडी लावली तर पुढे ती कुठे टिकणार? बाईंना दुखवायचं नाही, पण पोरांना थोडं कणखरही व्हायला हवं ना.

स्मरणवेल | गुरुवार, दुपारी १.१५

रेघोटीताई, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तांबडी माती, तुमची गिरणी या विषयातला फार चांगला दाखला आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात.

गिरणीचा आवाज मोठा, पण एकसुरी. स्मरणावरच्या प्रयोगांत पुन्हापुन्हा असं दिसलंय की मागे चाललेला आवाज किती मोठा यापेक्षा तो क्षणाक्षणाला किती बदलतो याला महत्त्व आहे. मागे 'त, त, त, त' असं एकच अक्षर वाजत राहिलं तर आकडे क्रमाने लक्षात ठेवायला फारसा त्रास होत नाही. 'त, क, म, प' असं बदलतं वाजलं की होतो. आणि सतत बदलणारा आवाज म्हणजे माणसाचं बोलणं. ते कळलं पाहिजे असंही नाही. १९७६ साली कोल आणि वेल्श या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन वाचन लावलं. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी क्रम चुकला.

कारण असं. फोन नंबर ऐकला आणि कागद हाताशी नसला तर आपण काय करतो? मनातल्या मनात घोकत राहतो. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये स्मरणाची जी मांडणी केली, तिच्यात या आतल्या घोकण्याला स्वतंत्र जागा आहे. बाहेरचं बोलणं तुम्ही परवानगी दिली नाहीत तरी त्याच जागेत घुसतं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. पाढे, सनावळी, कविता, सूत्रं, आपल्याकडच्या पाठांतराचा मोठा भाग याच जागेतून जातो.

दुसरी गोष्ट रेघोटीताईंसाठी, कारण तुम्ही श्रुतलेखनापर्यंतच थांबलात. शब्द बरोबर ऐकू आला तरी नुकसान होतं. पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये लोकांना आकड्यांची यादी ऐकवली. पहिला अर्धा भाग स्वच्छ, दुसऱ्या अर्ध्यात खरखर, पण आकडे ओळखू येतील इतपतच. नंतर विचारलं तेव्हा स्वच्छ ऐकलेले सुरुवातीचे आकडेसुद्धा कमी आठवले. पुढचं ऐकण्यात जीव घालावा लागला, म्हणून आधीचं मनात पक्कं करायला ताकद उरली नाही. वर्गात तुमचं मूल मान डोलावतं, उत्तरही देतं, आणि संध्याकाळी घरी त्याला काही सांगता येत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं. 'लक्ष नव्हतं' असा शेरा मारण्याआधी हे आठवावं अशी माझी विनंती आहे. त्याचं लक्ष होतं, ते ऐकण्यातच खर्च झालं.

पेठेतला उमेदवार | गुरुवार, रात्री ११.०५

ताई, एक विचारायचं होतं. मी पुण्यात एमपीएससी करतोय, दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. अभ्यासिकेत तशी शांतता असते, पण कुजबुज, खुर्च्या, बाहेरचे हॉर्न चालूच. शिवाय गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव, तो रूमवर ऐकू येतो. म्हणून मी इअरफोनवर जुनी मराठी गाणी लावून वाचतो. बरं वाटतं, आठ-आठ तास बसवतंही. पण राज्यघटनेची कलमं आणि आयोगांची वर्षं टिकत नाहीत. गाण्यांचा संबंध असेल?

स्मरणवेल | शुक्रवार, सकाळी ८.३०

असू शकतो, आणि तुम्ही सांगताय ते काम नेमकं त्यातलंच आहे. पर्हॅम आणि विझार्ड यांनी २०११ मध्ये हे तपासलं. आवडतं संगीत, नावडतं संगीत, बदलतं बोलणं, एकच शब्द पुन्हापुन्हा, आणि शांतता. क्रमाने आठवण्याचं काम शांततेत आणि एकच शब्द चालू असताना चांगलं झालं. आवडत्या गाण्यांनी आणि नावडत्या गाण्यांनी ते सारखंच बिघडलं. गाणं आवडतं म्हणून आतल्या घोकण्याच्या जागेत शिरायचं थांबत नाही. मराठी मजकूर वाचताना मराठी शब्दांचं गाणं तर दुहेरी नडतं.

गाणी सोडा असं म्हणत नाही. वाचायला बसण्याआधी ऐका, मधल्या सुट्टीत ऐका, नकाशे रंगवताना ऐका. कलमं पाठ करताना मात्र पंखा चालू आणि कानात कापसाचे बोळे किंवा फोमचे साधे बूच. पंख्याची घरघर एकसुरी, ती वरची कुजबुज झाकते.

आणखी एक. १९९८ च्या एका अभ्यासात काहींनी शांततेत वाचलं, काहींनी कॅन्टीनच्या गोंगाटात, आणि परीक्षाही दोन्हीकडे विभागून घेतली. जिथे अभ्यास तसंच वातावरण परीक्षेला असेल त्यांना जास्त आठवलं. तुमची परीक्षा शांत हॉलमध्ये आहे, तेव्हा सरावही शांततेतला हवा.

अपवादही सांगते. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जातं अशी अवस्था) असलेल्या मुलांना सपाट खरखरीचा आवाज लावला तर काही कामं उलट सुधारतात, असं सोडरलुंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. बाकीच्या मुलांचं त्याच आवाजात बिघडलं. त्यामुळे एखादं मूल 'पंखा लावला तरच सुचतं' म्हणत असेल तर त्याचं ऐका.

दहा बाय बारा | शुक्रवार, दुपारी ३.२०

सगळं वाचलं. माझं घर एकच खोली, आम्ही पाच जण, मुलगी दहावीला. तुम्ही लोक म्हणता शांत जागा द्या. कुठून देऊ? सासूबाईंना कमी ऐकू येतं, टीव्हीचा आवाज मोठा लागतो. दिवसभर एकट्या असतात त्या, संध्याकाळच्या दोन मालिका हाच त्यांचा आधार. त्यांना बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलगी कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसते आणि इतिहासाचं एकच पान तासभर उघडं असतं. मला वाटायचं पान बघत बसलीये नुसती, ओरडायचे तिच्यावर. स्मरणवेलताईंचं वाचून रात्री तिच्याजवळ बसले आणि विचारलं. म्हणाली, "आई, मी वाचते, पण डोक्यात मालिकेतले डायलॉग राहतात."

रेघोटी | शुक्रवार, दुपारी ४.१०

ताई, तुम्ही विचारलंत हेच फार झालं. सासूबाईंसाठी टीव्हीला लावायचा हेडफोन पाहा, लांब वायरचा साधा मिळतो. त्यांना उलट नीट ऐकू येईल. आणि तेवढा वेळ मुलीला पाठांतर देऊ नका. गणितं सोडवणं, आकृत्या, वही पूर्ण करणं असली कामं द्या. पाठांतर पहाटेचं.

जागेबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. वरळीला बीडीडी चाळींजवळ 'अभ्यास गल्ली' आहे. चाळीतली मुलं रात्री तिथे दिव्याखाली पुस्तकं घेऊन बसतात, कित्येक वर्षं. दहा बाय बाराच्या घरांतून निघून मुलांनीच शोधलेली जागा ती. प्रत्येक वॉर्डात अशी एक गल्ली, एक शाळेची खोली रात्री दहापर्यंत उघडी असायला काय हरकत आहे? मी आमच्या मुख्याध्यापकांशी बोलणार आहे.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ८.४५

जागा नसेल तर वेळ तरी ठरवता येते. आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, की दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद. ग्रामसभेने ठरवलं. सुरुवातीला लोकांना जड गेलं, घरोघरी फिरून सांगावं लागलं. एका घराने टीव्ही बंद करून उपयोग नसतो, शेजारचा भिंतीतून येतोच. सगळ्या गावाने केलं म्हणून जमलं. दहा बाय बारा ताई, तुमच्या चाळीच्या समितीत मांडून बघा, फक्त परीक्षेच्या दोन महिन्यांपुरतं.

कानगोष्ट | शनिवार, सकाळी १०.००

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. थोडक्यात दोन-तीन गोष्टी.

गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता पाचवीच्या मुलात पूर्ण तयार झालेली नसते, ती किशोरवयापर्यंत वाढत असते. म्हणून 'मला तर ऐकू येतंय' हा मोठ्यांचा दाखला मुलांना लावू नये. जागतिक आरोग्य संघटना वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त पार्श्वभूमीचा आवाज नसावा म्हणते, आणि शिक्षकाचा आवाज त्यावर साधारण १५ डेसिबल असावा लागतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे इतका नाही, पण उतरतो हे नक्की. तेव्हा शेवटचा बाक आणि पहिला बाक ही गुणवत्तेची गोष्ट नाहीच.

सर्दी-पडसं झालं की कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि मूल काही आठवडे थोडं कमी ऐकतं. घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण घरी जवळून बोलतात. गोंगाटाच्या वर्गात मात्र ते पुरतं हरवतं. ज्यांच्या वह्या सगळ्यांत लाल आहेत त्या मुलांचे कान एकदा तपासून घ्या, रेघोटीताई.

आणि शिक्षकांसाठी: गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच हे नोंदवलं आहे. माझ्याकडे स्वरयंत्रावर गाठी घेऊन येणाऱ्यांत शिक्षिका बऱ्याच असतात.

हौन्स्लोची मावशी | शनिवार, संध्याकाळी ६.३०

मी लंडनजवळ हीथ्रोच्या उड्डाणमार्गाखाली राहते, मुलं इथल्याच शाळेत शिकली. विमान आलं की बाई थांबतात, मुलं थांबतात, बोट ओळीवर तसंच धरून ठेवतात. इथला मोठा अभ्यास २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. हीथ्रो, ॲमस्टरडॅमचा स्किफोल आणि माद्रिदचा बाराखास या तीन विमानतळांभोवतीच्या ८९ शाळा, नऊ-दहा वर्षांची २,८४४ मुलं. विमानांचा आवाज जितका जास्त तितकं वाचलेलं कमी समजतं. ब्रिटनमध्ये ५ डेसिबल वाढले की वाचनाचं वय (मूल कितव्या वयाच्या मुलाइतकं वाचतं ते) सुमारे दोन महिने मागे. रस्त्याच्या रहदारीच्या आवाजाने मात्र त्या अभ्यासात वाचन बिघडलेलं दिसलं नाही. ताई, तुमच्या हायवेच्या विरोधात जाणारं आहे, पण खरं ते सांगावं म्हणून लिहिलं.

इथल्या एका शाळेने मैदानात मातीच्या पिशव्या रचून घुमटासारखी खोपटी बांधली. विमान वरून गेलं तरी आत बाईंची गोष्ट चालू राहते. आमच्या आजोळच्या मातीच्या घराची आठवण होते ते पाहून.

रेघोटी | शनिवार, रात्री ९.१५

मावशी, बरं केलंत लिहिलंत. मला वाटतं आमचा रस्ता एकसुरी वाहत नाही, पुलाच्या चढावर ट्रक गिअर बदलतात आणि खाली सिग्नलला हॉर्न. तुमच्याकडची रहदारी कदाचित सपाट असेल. पण हा माझा अंदाज, तुमचा मुद्दा नोंदवून ठेवते.

कोर्टनाका | रविवार, सकाळी ११.४०

कायद्याचं पाहा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. तेव्हा आपली शाळा जाहीर झालेल्या यादीत आहे का, हे आधी विचारा, नसेल तर लेखी मागणी करा. लाउडस्पीकर, हॉर्न, फटाके यांवर त्याने बोट ठेवता येतं. वाहत्या रहदारीसाठी रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेकडे पुलाला आवाजरोधक भिंत मागावी लागेल. पुष्कळ उड्डाणपुलांना वस्तीजवळ ती आहेच.

तांबडी माती | रविवार, रात्री ८.००

स्मरणवेलताईंचं वाचून दोन दिवस आठवत होतो. एक गोष्ट विसरलो होतो. दळणाला बायका आल्या की ओट्यावर बसून गप्पा मारायच्या. तेव्हा मी पुस्तक घेऊन गच्चीवर जायचो, भर उन्हातसुद्धा. गिरणीच्या आवाजात कधी उठलो नाही, गप्पांना उठायचो. कारण ठाऊक नव्हतं, पण पाय जायचे. माझं 'सवय होते' हे विधान मागे घेतो. पण विमानतळाजवळच्या मुलांना तरी सवय होत असेल का?

स्मरणवेल | रविवार, रात्री ९.३०

त्याचं उत्तर म्युनिकमध्ये मिळालं. तिथला रीमचा जुना विमानतळ मे १९९२ मध्ये बंद झाला आणि शहराबाहेर नवा सुरू झाला. हिग्गे, इव्हान्स आणि बुलिंगर यांनी दोन्हीकडच्या मुलांना बदलाच्या आधी आणि नंतर दोनदा तपासलं. जुन्या विमानतळाजवळची मुलं आधी वाचनात आणि दीर्घकाळ लक्षात ठेवण्यात मागे होती. विमानं थांबल्यावर सुधारली. नव्या विमानतळाजवळची आधी ठीक होती. विमानं सुरू झाल्यावर तीच घसरण त्यांच्यात आली. सवय झाली असती तर जुन्या ठिकाणी इतक्या वर्षांनी फरक दिसायला नको होता. आवाज जाणवणं थांबतं, नुकसान थांबत नाही. आणि जुन्या विमानतळाची मुलं सावरली, ही त्यातली खरी आनंदाची गोष्ट.

रेघोटी | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते कळवते.

शाळेने वर्ग बदलून दिला नाही, खोल्याच नाहीत. पण नव्या शब्दांचे तास, श्रुतलेखन आणि कविता यांच्यासाठी आठवड्यातून तीन वेळा ग्रंथालयाची खोली मिळाली. हस्तकला आणि चित्रकला माझ्या खोलीत आली. म्हणजे वर्ग न हलवता तास हलवले.

नवीन शब्द आता आधी फळ्यावर लिहिते, मग बोलते. गुरुजींकडून घेतलेलं हे. डोळ्यांना आधी दिसलं की कान चुकत नाही. बाक चौकोनात लावलेत, मी मध्ये उभी राहते, शेवटचा बाक असा राहिलाच नाही. पडदे लावून पाहिले, त्याने खोलीतला घुमारा कमी झाला, रस्ता कमी झाला नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाच मुलांचे कान तपासले. ओहोळवाल्या मुलीच्या डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी निघालं. औषध चालू आहे आणि ती आता माझ्या उजव्या हाताला बसते.

सगळ्यांत स्वस्त उपाय मुलांनीच काढला. आमचे बाक लोखंडी, खाली शहाबादी फरशी. कुणी जरा हललं की किर्रर्र. एका मुलाच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे, तो जुन्या सायकलच्या ट्यूबा घेऊन आला, त्यांचे तुकडे बाकांच्या पायांना बसवले.

दहा बाय बारा | मंगळवार, रात्री ९.४०

ताई, हेडफोन घेतला. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, एवढं स्पष्ट कधी ऐकलंच नव्हतं. मुलीचं इतिहासाचं पान पुढे सरकतंय. ट्यूबा कशा बसवल्यात? आमच्या घरातली खुर्चीही फार वाजते, खालचे लोक ओरडतात.

रेघोटी | मंगळवार, रात्री १०.०५

दोन इंचांचे तुकडे कापायचे, साबणाच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे पायावर सहज चढतात. खाली अर्धा इंच बाहेर ठेवा आणि तो आत दुमडा. मग वर दोऱ्याने घट्ट बांधा, नाहीतर आठ दिवसांत निसटतात. आमचे पहिले निसटले.